फुंकणी

आमच्या घरात फुंकणारी माणसं दोन. आज्जी चुलीपाशी आणि आबा भट्टीपाशी. आज्जीची फुंकणी हातभर लांब, एका टोकाला चेपलेली, धुरानं काळी झालेली. आबांची मी कधीच बघितली नाही. ती कारखान्यात असायची. विचारलं की ते दोन्ही हात पसरून लांबी दाखवायचे. "एवढी. तुझ्या आज्जीच्या फुंकणीनं जाळ होतो, माझ्या फुंकणीनं जाळाला टोपी होते."

कारखाना ओगलेवाडीचा. रेल्वेनं कऱ्हाडला उतरणाऱ्याला हे नाव नवं नाही, कऱ्हाडचं स्टेशन मुळी ओगलेवाडीतच आहे. औंध संस्थानच्या हद्दीत ओगले बंधूंनी १९१६ साली काच कारखाना काढला आणि पुढे तिथला 'प्रभाकर' कंदील घरोघरी पोचला. प्रभाकर हे ओगले बंधूंच्या वडिलांचं नाव. म्हणजे सूर्य असा अर्थही झाला आणि वडिलांची आठवणही राहिली. आबा तिथे कंदिलाच्या काचा फुंकायचे. मला कळायला लागलं तोवर ते घरी बसले होते. गाल सैल पडलेले. आम्ही पोरं मागे लागलो की ते बेडकासारखे गाल फुगवून दाखवायचे आणि आम्ही दोन्हीकडून बोटं खुपसून ती हवा फुस्सकन बाहेर काढायचो. त्यांना आणखी एक खोड होती. ओट्यावर बसले की हातातली काठी दोन्ही मांड्यांवर आडवी घ्यायची आणि तळव्याखाली पुढे-मागे लाटल्यासारखी फिरवत राहायचं. तासन्‌तास. आज्जी वैतागायची. "अहो, ती काठी ठेवा की खाली. डोळ्यापुढं नाचतीय नुसती."

संध्याकाळी कंदिलाची काच पुसायचं काम माझ्याकडे होतं, कारण माझा हात तिच्यात जायचा. चिमूटभर राख, धोतराचं जुनं फडकं, मग तोंडाची वाफ सोडायची आणि कोरडं फडकं फिरवायचं. काच हातातून सुटून फुटली की आज्जीचा तोंडपट्टा सुरू व्हायचा. आबा मात्र काही बोलायचे नाहीत. एक तुकडा उचलून उजेडाकडे धरायचे, कडेवरून जाडी बघायचे, आणि मान हलवून तुकडा टाकून द्यायचे.

हे सगळं इतकी वर्षं कुठे होतं कोण जाणे. सदुसष्टाव्या वर्षी, साता समुद्रापलीकडच्या टकोमा नावाच्या गावात, एका अनोळखी माणसाच्या मांडीकडे बघताना ते एकदम वर आलं. पण ते नंतर सांगते.

अमेरिकेत सिअॅटलला मी गेले ती लेकीकडे. तीन महिने राहायचं, नातवाला शाळेत सोडायचं-आणायचं, थालीपीठं लावायची, आणि मधल्या वेळात शहर बघायचं असा बेत. पुण्याहून निघताना सगळ्यांनी एकच सांगितलं होतं: पाऊस. मी म्हटलं, महाबळेश्वरच्या पायथ्याच्या जिल्ह्यातली बाई मी, मला काय पावसाचं! पण तिथला पाऊस हा पाऊसच नव्हे. तो पडत नाही, नुसता असतो. छत्री उघडावी तर लोक हसतील इतका कमी, न उघडावी तर पंधरा मिनिटांत केस ओले. आणि आभाळ सकाळी सातला ज्या रंगाचं, त्याच रंगाचं दुपारी तीनला. धुतलेल्या अॅल्युमिनियमच्या पातेल्याचा रंग. एखाद्या दिवशी ढग हटतात आणि दक्षिणेला रेनियरचा पांढरा डोंगर अचानक दिसतो, इतका मोठा की इतके दिवस तो लपला कुठे असं वाटावं. त्या दिवशी शहरातली माणसं एकमेकांना म्हणतात, आज डोंगर बाहेर आलाय. आपल्याकडे पाहुणा आल्याचं सांगतात तसं.

असल्या राखी उजेडात राहणाऱ्यांना रंगाची भूक लागत असणार. म्हणूनच त्या भागात काचेवर काम करणारे इतके कलावंत गोळा झाले असावेत, असा माझा आपला अंदाज. लेकीचं म्हणणं वेगळं. "आई, बाहेर आठ महिने गारठा असतो. भट्टीपाशी उभं राहायला मिळतं हेच कारण असेल." तिचंही खोटं नसेल.

पहिल्यांदा गेलो ते स्पेस नीडल नावाच्या उंच मनोऱ्याच्या पायथ्याशी असलेल्या काचेच्या बागेत. जाताना वेस्टलेकहून मोनोरेल घेतली, ती १९६२ च्या जागतिक मेळ्यासाठी बांधलेली. नीडलही त्याच साली उभी राहिली. मोनोरेलचा प्रवास एवढासा, जेमतेम एक मैल, पण नातवाला शेवटची वीस सेकंदं फार प्रिय, कारण तेव्हा गाडी चक्क एका वाकड्यातिकड्या, रंगीत पत्र्याच्या इमारतीच्या पोटातून जाते. उतरलं की समोर चिहुली गार्डन अँड ग्लास, डेल चिहुली या काच-कलावंताच्या कामाची बाग. २०१२ साली उघडलं. त्याआधी तिथे पोरांचे पाळणे आणि झुकझुक गाड्या होत्या म्हणे. ही जागा काचेला द्यायची की मोकळी बाग ठेवायची यावर गावात बराच वाद झाला होता, आणि तो व्हायलाच हवा होता असं मला वाटतं. पोरांच्या पाळण्याची जागा तिकिटाच्या दालनाला द्यायची म्हणजे कुणीतरी भांडलंच पाहिजे.

खरं सांगू? आत गेल्यावर पहिला अर्धा तास मी नाराज होते. रंगच रंग. एका दालनाचं छतच काचेचं, त्यावर शंखशिंपल्यांसारख्या, पंख्यांसारख्या शेकडो काचा रचलेल्या आणि वरून दिवे सोडलेले. खाली उभी माणसं माना वर करून, कुणी सरळ जमिनीवर आडवं पडून बघत होती. सगळ्यांच्या कपाळावर निळे-तांबडे डाग. पुढच्या दालनात काळ्या चकचकीत फरशीवर काचेची वाडीच उगवलेली: गवत, कंद, साप, बगळे, कळ्या. मला उगीच एखाद्या मंगल कार्यालयाचं प्रवेशद्वार आठवलं. एवढं कशाला, असं मनात येत होतं. लेकीला बोलले नाही. तिनं तिकिटं काढली होती.

मग एका लहान, जरा अंधाऱ्या दालनात आलो आणि पाय थांबले. तिथे टोपल्या होत्या. भिंतीवर इथल्या मूळ रहिवाशांची जुनी छायाचित्रं, लोकरीची पट्ट्यापट्ट्यांची कांबळी, फळ्यांवर त्यांनी विणलेल्या खऱ्या टोपल्या, आणि त्यांच्या शेजारी काचेच्या. पिवळट, मातकट, तंबाखूच्या रंगाच्या. एकीचा काठ आत दबलेला, दुसरी एका अंगाला कललेली, तिसरीच्या पोटात दोन लहान. बुट्टी जुनी झाली, तिच्यात भाकरी ठेवून ठेवून ती सैलावली की जशी दिसते, हुबेहूब तशा. डेल चिहुलीनं १९७७ मध्ये टकोमाच्या इतिहास संग्रहालयात अशा जुन्या टोपल्या एकमेकींच्या भारानं वाकलेल्या बघितल्या आणि तसं वाकणं काचेत आणायचं ठरवलं. आता यात गंमत अशी की गरम काच आपणहून वाकायलाच बघत असते. कारागीर जन्मभर तिला वाकू न देण्यासाठी झटतो. यानं ती वाकली तर वाकू दे म्हटलं.

त्या टोपल्यांपाशी मी बराच वेळ उभी होते. नातू दोनदा येऊन गेला. "आज्जी, चल ना, पुढे बोट आहे. बोटीत बॉल आहेत."

बोटीकडे येतेच. पण चिहुलीचं थोडं सांगायला हवं, कारण तिथून पुढे माझ्या डोक्यात जे सुरू झालं ते त्याच्यामुळे. जन्म १९४१ चा, टकोमाचा. सोळा-सतरा वर्षांचा असताना आधी भाऊ विमान अपघातात गेला आणि पुढच्याच वर्षी वडील. आईनं वाढवला. तो शिकत होता घरांच्या अंतर्गत सजावटीचं. १९६५ साली तळघरात काच वितळवून एका साध्या नळीनं त्यानं पहिला फुगा फुगवला आणि तिथून वाट बदलली. १९६८ ला इटलीतल्या मुरानो बेटावर गेला आणि तिथे बघितलं की काचेचं काम एकट्यानं होत नाही, तांडा लागतो. १९७१ मध्ये त्यानं सिअॅटलच्या उत्तरेला रानात पिलचकची काचशाळा सुरू केली. पहिल्या वर्षी विद्यार्थ्यांनी पावसात तंबू ठोकून भट्टी उभी केली.

आणि मग १९७६. इंग्लंडमध्ये गाडीला अपघात झाला, तो समोरच्या काचेतून बाहेर फेकला गेला आणि डावा डोळा गेला. काचेनंच. पुढे तीन वर्षांनी समुद्राच्या लाटांत खेळताना खांदा निखळला आणि फुंकणी धरणं थांबलं. वय चाळिशीच्या आत. एखादा तिथेच संपला असता. हा खुर्ची मागे ओढून बसला आणि इतरांकडून करून घेऊ लागला. मोठमोठ्या कागदांवर रंगांचे फराटे मारून तो दाखवतो, तांडा ते काचेत आणतो.

म्हणजे या बागेतल्या एकाही वस्तूत त्याची फुंकर नाही?

मी हे लेकीला विचारलं. तिनं तिथल्या एका तरुण स्वयंसेविकेला इंग्रजीत विचारलं. ती मुलगी हसली; तिला हा प्रश्न रोज येत असावा. तिनं सांगितलं की वास्तू बांधणारा स्थपती विटा रचत नाही, वाद्यवृंदाचा प्रमुख सनई वाजवत नाही. उत्तर बरोबर होतं आणि मला पटलं नाही. याच चिहुलीवर २०१७ मध्ये एका जुन्या सहकाऱ्यानं चित्रांच्या श्रेयासाठी दावा लावला होता आणि २०१९ मध्ये न्यायालयानं तो फेटाळला, हे लेकीनं फोनवर वाचून दाखवलं. चित्रांचा, काचेचा नव्हे. पण मला आबांचे सैल गाल आठवायला लागले होते. घरोघरच्या कंदिलावर 'प्रभाकर' असं लिहिलेलं. आबांनी कधी त्याबद्दल काही म्हटल्याचं आठवत नाही. उलट कुणाच्या घरी गेले की आधी कंदिलाकडे बघायचे आणि ओळखीचं माणूस भेटल्यासारखं हसायचे.

तर ती बोट. एका काळ्या फरशीवर दोन जुन्या लाकडी होड्या, एकीत काचेची लांबलचक फुलं, दुसरीत गोळे. फुटबॉलपासून मोठ्या घंगाळाएवढे. त्यांची कथा मला जास्त आवडली. जपानी कोळी जाळी तरंगत ठेवायला पोकळ काचेचे गोळे बांधायचे. ते सुटायचे आणि प्रशांत महासागराच्या प्रवाहाबरोबर वर्षानुवर्षं फिरत अमेरिकेच्या या किनाऱ्याला लागायचे. इथली पोरं वाळूत ते शोधायची, अजूनही एखादा सापडतो. हिरवट, ओबडधोबड. गोळा फुंकून झाला की नळी तोडायची आणि त्या भोकावर काचेचा गरम थेंब दाबून तोंड बंद करायचं. म्हणजे आत जी हवा आहे ती फुंकणाऱ्याच्या छातीतली. तो कारागीर कुठल्या गावचा, कधीचा, जिवंत आहे का, काही ठाऊक नाही, आणि त्याचा एक श्वास पाच हजार मैल तरंगत येऊन एका पोराच्या हातात.

कंदिलाच्या काचेचं मात्र तसं नाही, हे मला तिथेच लक्षात आलं. ती दोन्ही टोकांना उघडी.

पुढच्या आठवड्यात मीच टकोमाचा हट्ट धरला. लेक म्हणाली, "आई, लोक सिअॅटलहून नदी-डोंगर बघायला जातात. टकोमाला कोण जातं?" सिअॅटलच्या दक्षिणेला पन्नासेक किलोमीटरवर हे गाव. लाकूड कापायच्या गिरण्यांचं, बंदराचं, कागदाच्या लगद्याच्या वासासाठी एकेकाळी बदनाम. सिअॅटलच्या शेजारी ते पुण्याशेजारी एखादं कामगारांचं गाव असावं तसं वाटतं, आणि म्हणून मला तिथे बरं वाटलं. रस्ते रुंद, माणसं कमी, विटांच्या जुन्या वखारी. जुन्या रेल्वे स्टेशनात आता न्यायालय आहे. त्याच्या मागून पाचशे फूट लांबीचा पादचारी पूल महामार्ग ओलांडून काचेच्या संग्रहालयाकडे जातो. पुलाच्या एका भागाचं छत काचेचं, त्यावर समुद्रातल्या जीवांसारखे २३६४ तुकडे पसरलेले. आकडा तिथे लिहिलेला आहे, मी मोजले नाहीत. नातवानं एकशे दहापर्यंत मोजले आणि मग त्याला भूक लागली.

संग्रहालयाला एक तिरका, चकचकीत पोलादी सुळका आहे, नव्वद फूट उंच. आधी मला वाटलं काहीतरी आधुनिक शिल्प असेल. ते तसं नाही. लाकडाच्या गिरण्यांतला भुसा जाळायला पूर्वी इथे असे शंकूच्या आकाराचे भट्टे असायचे, त्यांची आठवण म्हणून तो आकार. आणि सुळक्याच्या आत खरोखरच भट्टी. सर्कशीच्या तंबूत असतात तशा चढत्या बाकांवर लोक बसलेले, खाली कारागीर. ऊब थेट तिसऱ्या ओळीपर्यंत येत होती. मी शाल काढून ठेवली.

खाली सहा-सात जण. कुणी कुणाशी फारसं बोलत नव्हतं. भट्टीत काचेचा रस ११०० अंशांच्या वर. एकानं फुंकणी आत घालून मधाच्या बरणीतून चमचा फिरवावा तसा रस गुंडाळून काढला. बाहेर आला तो केशरी गोळा, त्यात आधीच रंग घातला होता म्हणे, पण तापलेल्या काचेत सगळेच रंग केशरी. निळा केशरी, हिरवा केशरी. निवेपर्यंत खुद्द करणाऱ्यालाही रंग दिसत नाही, तो डोक्यात धरून काम करावं लागतं. मुख्य कारागीर बाकावर बसला. बाकाला दोन्ही बाजूंनी लांब लोखंडी हात, त्यांवर फुंकणी आडवी. डाव्या तळव्यानं तो ती पुढे-मागे लाटत होता. उजव्या हातात वर्तमानपत्राची जाड, पाण्यात भिजवलेली घडी. त्या घडीत तो पेटता गोळा सरळ तळव्यात घेऊन आकार देत होता. धूर, ओल्या जळक्या कागदाचा वास. रोजच्या बातम्यांचा इतका चांगला उपयोग मी पहिल्यांदाच बघितला.

फुंकत होती ती वेगळीच. बावीस-तेवीसची पोरगी, नळीच्या दुसऱ्या टोकाशी गुडघे टेकून बसलेली. कारागीर तोंडातल्या तोंडात एक शब्द बोलायचा, ती फुंकायची. दुसरा शब्द, ती थांबायची. माइकवरून माहिती सांगणाऱ्या बाईंनी सांगितलं की फुंकणं हे नव्या मदतनिसाचं काम. कारागिरी फिरवण्यात आहे. फिरवणं क्षणभर थांबलं तर काच मधासारखी ओघळते. म्हणून फुंकणी हातात असेपर्यंत हात थांबत नाही. हळूहळू तो हात झोपेतही थांबत नाही.

आणि मी त्या माणसाच्या डाव्या हाताकडे बघत होते. तळवा उघडा, बोटं किंचित वर, नळी कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत लाटायची आणि तशीच परत आणायची. पुढे, मागे. पुढे, मागे. लक्ष गोळ्याकडे, हात आपला आपला चाललेला.

ओट्यावरची काठी.

साठ वर्षं मी ती म्हातारपणाची खोड समजत होते. आज्जीही तेच समजत गेली. आज्जी तर रोज खाली ठेवा म्हणायची.

लेकीनं विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, धूर गेला डोळ्यात. धूर खाली होता आणि आम्ही वर, पण ती गप्प बसली.

मग आणखी एक गोष्ट आठवली, आणि ती आठवल्यावर मला हसूच आलं. कुणीतरी पाहुणे कौतुकानं म्हणाले होते, "आबा, छातीचा भाता पाहिजे तुमच्या कामाला." आबा म्हणाले, "फुंकायला काय, गाढव बी फुकतंय." तेव्हा सगळे हसले होते आणि मीही हसले होते. त्या बागेत जाऊन मी त्या चिहुलीला जाब विचारत होते की तुझी फुंकर कुठाय, आणि माझ्या स्वतःच्या आजोबांनी त्याचं उत्तर १९६४-६५ सालीच देऊन ठेवलं होतं. तरी माझं पूर्ण समाधान झालंय असं नाही. फिरवणंही तो करत नाहीच की. पण प्रश्न आता वेगळ्या जागी दुखतो.

त्या संग्रहालयात एक प्रकार फार गोड आहे. बारा वर्षांपर्यंतची पोरं चित्रं काढून देतात, कसलेही राक्षस, तीन पायांची मांजरं, डोळेवाले ढग, आणि त्यातली काही निवडून हेच कसलेले कारागीर ती काचेत बनवतात. एक पोराला, एक संग्रहालयाला. पोर समोर बसून सूचना देतं: डोळा अजून मोठा. आणि चाळीस वर्षांचा दाढीवाला माणूस मान डोलावून डोळा मोठा करतो. फलकावर पोराचं नाव. तिथे मला काही खुपलं नाही. का खुपलं नाही यावर मी परतीच्या वाटेवर विचार करत होते, पण नातवाला तोवर स्वतःच्या राक्षसाला किती शेपट्या असाव्यात याचा निर्णय लगेच हवा होता.

एका शनिवारी पाइक प्लेस बाजारात गेलो. १९०७ पासूनचा बाजार. मासे हवेत फेकतात तो खेळ सगळ्यांनी बघितलेला असतो, मला त्यापेक्षा फुलं आवडली. दोन हातांत न मावणारा गुच्छ आपल्याकडच्या एका गजऱ्याच्या किमतीत नव्हे, पण तिथल्या मानानं स्वस्त. एका दुकानात हिरव्या काचेचे लोलक टांगलेले. चिठ्ठीवर लिहिलेलं: ज्वालामुखीच्या राखेची काच. १८ मे १९८० ला सकाळी साडेआठच्या सुमाराला इथला सेंट हेलेन्स डोंगर फुटला, सत्तावन्न माणसं गेली, आणि राख अनेक राज्यांवर पसरली. ती राख मिसळून ही काच करतात. मी एक लोलक हातात घेतला. आम्ही राखेनं काच पुसायचो, हे राखेची काच करतात. दुकानदार बाईंना मोडक्यातोडक्या इंग्रजीत हे सांगायचा मी प्रयत्न केला. कंदील, राख, लहान हात. त्यांना किती कळलं देव जाणे, पण त्यांनी माझा हात घेऊन बघितला, आणि मग दोघीही हसलो, कारण आता तो कुठल्याच कंदिलाच्या काचेत जाणार नाही.

निघायच्या दहा दिवस आधी लेकीनं मला न सांगता एका लहानशा काचशाळेत माझं नाव घातलं. तिथे कुणीही जाऊन अर्ध्या तासात गोळा करून घेऊ शकतं. जाड चश्मा, हातावर बाह्या. रंग निवडा म्हणाले. मी हिरवा म्हटलं, चुड्याचा हिरवा. त्यांच्याकडे सतरा हिरवे होते. एकेक चाळून शेवटी एक जवळचा मिळाला.

खरं काम सगळं त्या मुलानंच केलं. रस त्यानं घेतला, रंगाच्या चुऱ्यात त्यानं लोळवला, पुन्हा तापवला. मला फुंकायचं होतं, तेही सरळ नळीनं नव्हे, नळीला जोडलेल्या रबरी नळीनं, म्हणजे तो तिकडे फिरवत राहील आणि मी इकडे फुंकेन. मला वाटलं फुग्यासारखं सोपं असेल. सुरुवातीला काहीच होईना. गाल भरले, कान बंद झाले, काच ढिम्म. मग एकदम आतून काहीतरी सैल झालं आणि गोळा फुगला. तो म्हणाला, हळू, हळू. मी थांबले. नातू ओरडला, "आज्जी, तुझे गाल बघ!"

मी विचारलं, थोडं फिरवू का? त्यानं एक क्षण माझ्याकडे बघितलं. मग माझा तळवा नळीवर ठेवून वर आपला ठेवला. पुढे, मागे. तीन-चार वेळा असेल. नळी वाटते त्यापेक्षा जड असते, आणि टोकाचा गोळा जिवंत असल्यासारखा खाली ओढ घेतो. पाचव्या खेपेला माझी लय चुकली आणि गोळा एका अंगाला किंचित कलला. त्यानं तो सावरला, पण पुरता नाही. मी म्हटलं, राहू दे. मग त्यानं नळी सोडवली आणि भोकावर गरम थेंब दाबून तोंड बंद केलं.

गोळा लगेच हातात देत नाहीत. बाहेरून निवाला तरी आत ताण राहतो आणि तासाभरानं आपोआप तडकतो, म्हणून पाचशे अंशांच्या आसपासच्या बंद पेटीत ठेवून तो रात्रभर सावकाश निववतात. दुसऱ्या दिवशी आणायला गेलो तर खोक्यावर चिठ्ठी होती, माझं नाव लिहिलेली. त्या मुलाचं नाव कुठेच नव्हतं. मी लेकीला त्याचं नाव विचारायला लावलं. तो म्हणाला नाव कशाला, आणि मग सांगितलं. खोक्याच्या आतल्या बाजूला मी ते मराठीत लिहून ठेवलं आहे.

गोळा सामानात कसा आणायचा यावर घरात दोन दिवस खल झाला. शेवटी नातवाचे लोकरीचे चार मोजे, त्यावर माझं जुनं पातळ, आणि ते सगळं हातातल्या पिशवीत, मांडीवर. सिअॅटल ते मुंबई एकोणीस-वीस तास. मुंबईला पिशवी यंत्रातून गेली आणि पलीकडच्या साहेबांनी हात वर केला. पडद्यावर एक काळंभोर वर्तुळ दिसत होतं.

"मावशी, हे गोल काय आहे?"

"काचेचा गोळा."

"उघडा जरा."

मी पातळ सोडलं, मोजे काढले. त्यांनी तो हातमोज्याच्या हातात घेतला, दिव्यापुढे धरला, कलता भाग बोटानं चाचपला, कानाशी नेऊन हलवून बघितला.

"आत काय आहे?"

"काही नाही हो. हवा."

त्यांनी तो परत मोज्यात घातला, जपून, आणि पुढच्याला बोलावलं.